पहिली नळी

एकेचाळीस नंबरच्या काचेवर हिरवी पेशी दिसली तेव्हा मास्तरांना आधी झाला तो आनंद. छोटासा, चोरटा, वर्गातल्या हुशार मुलाला बाईंनी उभं केलं की मागच्या बाकावर होतो तसला. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा कपाळावर सरकवला आणि पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावला. मधोमध निळं केंद्र, भोवती हिरवा काठ, आणि लाल रंगाचा मागमूस नाही. त्यांनी खुंटा फिरवून काच हळूच पुढे नेली. दुसरी दिसली. अगदी कडेला, जवळजवळ निसटून जाईल अशा जागी, तिसरी. अंधाऱ्या खोलीत यंत्राचा पंखा घरघरत होता, काळ्या पडद्याबाहेर कुणी तरी ढकलगाडी नेत होतं, आणि मास्तर स्वतःलाच विचारत होते की आपल्याला आनंद नक्की कशाचा झाला. कारण ही काच निरोगी माणसाची होती. निरोगी माणसाच्या रक्तात अशी पेशी असायचं कारण नाही. फार तर चुकून एखादी. आणि काचेवर नाव नव्हतं, नुसता नंबर होता. त्या आठवड्यात प्रयोगशाळेतल्याच पाच जणांनी निरोगी म्हणून रक्त दिलं होतं: कारकून, गाडीवाला, काचसामान धुणारी बाई, स्वतः प्रयोगशाळेच्या प्रमुख मोठ्या बाई आणि त्यांच्या हाताखालची तरुण संशोधक, धाकटी. प्रत्येकाने डब्यातून घडी घातलेली चिठ्ठी उचलून आपल्या नळीवर आपल्या हाताने चिकटवली होती, आणि कुणाचा नंबर कुठला ते मोठ्या बाईंच्या कपाटातल्या पाच बंद पाकिटांनाच ठाऊक होतं. गाडीवाल्याच्या रक्तात तीन पेशी सापडल्या म्हणून मास्तरांना आनंद होण्याचं काही कारण नव्हतं. म्हणजे ती काच धाकटीची आहे हे त्यांना माहीत होतं. डोक्याला कळायच्या आधी आतल्या कुणाला तरी माहीत होतं.

मास्तर खरे मास्तर नव्हते. तंत्रज्ञ म्हणून लागून त्यांना एकतीस वर्षं झाली होती. पण कुणालाही काहीही सांगायचं झालं तर ते पार आरंभापासून सांगत, मध्ये थांबून ‘कळलं का?’ विचारत, त्यावरून हे नाव पडलं आणि त्यांनाही ते आवडलं. काम तसं सांगायला सोपं, करायला जिकिरीचं. कर्करोगाची गाठ एका जागी असते तोवर तिच्यातल्या पेशी एकमेकींना धरून असतात. त्यांच्या अंगावर रेणू असतात, त्यांनीच ही धरपकड चालते. कधी एखादी पेशी धरलेलं सोडते, रक्तात उतरते आणि वाहत जाऊन दुसरीकडे बिऱ्हाड करते. रक्ताच्या एका नळीत अशा दहापाच निघाल्या तरी पुष्कळ, आणि भोवती कोट्यवधी इतर पेशींची गर्दी. म्हणून लोखंडाचे अतिसूक्ष्म कण घ्यायचे, त्यांना असं काही लावायचं की ते नेमके त्या अंगावरच्या रेणूंनाच चिकटतील, आणि मग बाहेरून चुंबक लावून त्या पेशी ओढून काढायच्या. त्यांना रंग द्यायचे. केंद्राला निळा, आपल्याला हव्या त्या जातीच्या पेशीला हिरवा, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी चुकून मोजल्या जाऊ नयेत म्हणून त्यांना लाल. मग काळ्या पडद्याआड बसून एकेक घर बघत जायचं. एक काच दोघांनी वेगवेगळी बघायची, दोघांचं जमलं नाही तर एकाचा शब्द शेवटचा. पंचवीस वर्षं तो शब्द मास्तरांचा होता. गेल्या वर्षी मोठ्या बाईंनी, काही न बोलता, नुसता कागदावरचा रकाना बदलून, तो धाकटीचा केला.

धाकटी आली तेव्हा ती इतकी बारीक होती की कोट तिच्या अंगात नव्हता, ती कोटाच्या अंगात होती. तिला काच बघायला मास्तरांनीच शिकवलं. कोपरे आधी बघ, मग मधलं, कारण मधलं सगळेच बघतात. डोळे मिटून वीसपर्यंत मोज, मग दिवा लाव. पेशी फुटलेली असेल तर मोह आवर. ती ऐकायची, वहीत लिहून घ्यायची, दुपारचा डबा त्यांच्यासमोर बसून खायची. त्या वर्षी तिने आईची हकिकत सांगितली होती. स्तनातली गाठ काढली, सगळे म्हणाले निघाली, घरात सगळ्यांना नवे कपडे घेतले; आणि दोन वर्षांनी हाडांत सापडली. ‘रक्तातून गेली होती, मास्तर,’ ती घास हातात धरून म्हणाली होती, ‘तेव्हा रक्तात कुणी बघितलंच नाही.’ मास्तरांना त्या दिवशी ती आपलीच वाटली होती. मग एकदा असंच जेवताना ते बोलून गेले, की काही पेशी बाहेर पडताना अंगावरचे ते रेणूच आवरून घेत असणार, म्हणून आपल्या चुंबकाला त्या सापडतच नसणार. बोलले आणि डबा धुवायला गेले. तिने ते धरून ठेवलं. तीन वर्षं त्याच्यामागे लागली, त्या लपणाऱ्या पेशींना पकडायला दुसरा गळ शोधला, आणि आता बाहेरगावची माणसं ती काय म्हणते ते ऐकायला येत. तिने चोरलं असं मास्तरांना म्हणता येत नव्हतं, हीच खरी बोच होती. तीन वर्षं सुट्टीच्या दिवशीही ती येऊन बसलेली त्यांनी पाहिली होती. त्यांनी नुसतं म्हटलं होतं, तिने केलं होतं. चोरी असती तर झोप तरी लागली असती. घरी बायको म्हणायची, ‘अहो, तुमच्या तोंडी दिवसातून दहा वेळा तिचं नाव येतं. प्रेमात असता तर एवढं बोलला नसता.’ यावर ते हसत, आणि अकराव्या वेळी नाव घेत.

पण रेणू, रकाने, बाहेरगावची माणसं, हे सगळं त्यांनी गिळलं असतं. पोटात दुखू लागलं ते मुलांवरून. महिन्यातून एकदा कुठल्या तरी शाळेची पंचवीस-तीस मुलं प्रयोगशाळा बघायला येत आणि त्यांना दाखवायचं काम मास्तरांचं होतं. त्या दिवशी ते दाढी जरा नीट करत. मुलांना ते व्हरांड्यात एकमेकांचे हात धरून रांगेत उभं करत आणि म्हणत, आता तुम्ही सगळे पेशी. चला भिंतीपर्यंत. कुणी सुटत नाही ना? आता, तू रे, तू हात सोड. हात सोडलेला मुलगा कावराबावरा होऊन हसायचा, मग व्हरांडाभर पळत सुटायचा, आणि मास्तर म्हणत, बघा, त्याला आता कुठेही जाता येतं. आपल्याला त्याला शोधायचंय. मग मायक्रोस्कोपपाशी एकेकाला उचलून धरत. त्यातली एक मुलगी ‘आजोबा, ती बघतेय माझ्याकडे’ म्हणाली होती, ते त्यांना कितीदा आठवे. तर मागच्या महिन्यात मोठ्या बाई म्हणाल्या की मुलांचं आता धाकटी बघेल, तिचं बोलणं ताजं आहे. ताजं! मास्तर मान डोलावून बाहेर आले होते.

निरोग्यांचं रक्त घेतलं त्याच दिवशी ती मुलं आली होती. मास्तर रक्त घ्यायच्या खोलीत होते आणि दार उघडं होतं. व्हरांड्यातून धाकटीचा आवाज येत होता. धरा बघू हात. आता तुम्ही सगळे पेशी. कुणी सुटत नाही ना? शब्द तेच, थांबायच्या जागाही त्याच. मुलं तितकीच हसली. खरं तर जास्त हसली. मास्तर सुया मांडत होते आणि वाट बघत होते की आता ती म्हणेल, हे आमच्या मास्तरांनी काढलं बरं का. ती म्हणाली नाही. मग तो सगळा घोळका दारात आला, कारण तिने मुलांना सांगितलं होतं की मी रक्त देताना बघा, काही दुखत नाही. ती खुर्चीत बसली, बाही वर केली, आणि मान मागे वळवून मुलांशी बोलतच राहिली. रक्ताला भिऊ नका, रक्त म्हणजे आतल्या बातम्या. हेही त्यांचंच. मास्तरांनी पट्टा बांधला, शीर शोधली, सुई घातली. इथे रिवाज असा की नळ्या दोन भरायच्या आणि पहिली टाकून द्यायची. सुई कातडीतून आत जाताना कातडीतल्या, घामाच्या ग्रंथींतल्या एकदोन पेशी खरवडून नेते. त्यांच्या अंगावर तेच रेणू, त्याही हिरव्याच दिसतात. म्हणून पहिली नळी कुणाचीही असो, कचऱ्यात. हे या इमारतीत मास्तरांनीच सगळ्यांना शिकवलं होतं. भरलेली पहिली ते उजव्या हाताला ठेवत, दुसरी डाव्या. तेवढ्यात एका मुलाने विचारलं, ‘ताई, हे आजोबा तुमचे मदतनीस आहेत?’ धाकटी हसली. हसून म्हणाली, ‘आजोबा नाही रे, मास्तर.’ बाकी प्रश्नाचं उत्तर तिने दिलं नाही. मास्तरांनी एक नळी तिच्या हातात दिली, एक कचऱ्याच्या डब्यात टाकली. टाकलेली हाताला चांगली कोमट लागली होती. हे आता, काळ्या पडद्याआड, त्यांच्या बोटांनी त्यांना सांगितलं. नुकती भरलेली नळी कोमट लागते. आधीची तोवर निवलेली असते.

त्यांनी दिवा लावला, डोळे चोळले, आणि शेजारच्या खोलीतली वही काढली. नळ्या आल्या की नंबरापुढे रक्ताची पातळी लिहायची असते. सुईमागच्या बारीक पाइपात हवा असते, ती पहिल्या नळीत शिरते, म्हणून पहिली नळी नखभर कमी भरते. अडतीस, पूर्ण. एकोणचाळीस, पूर्ण. चाळीस, पूर्ण. एकेचाळीस, किंचित कमी. बेचाळीस, पूर्ण. अक्षर त्यांचंच, गोलसर, मुलांना गिरवायला देता येईल असं. त्यांनीच बघितलं होतं, त्यांनीच लिहिलं होतं आणि त्यांच्या मनात काहीही आलं नव्हतं. एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं. इथे त्यांचा हात पहिल्यांदा त्यांच्या पोटाच्या सांगण्यावरून चालला होता.

वही मिटून ते कँटीनमध्ये जाऊन बसले. चहा घेतला, त्यावर साय धरली तरी प्यायले नाहीत. काय करायचं यात कठीण काही नव्हतं. जाऊन सांगायचं. पण एक विचार शेजारच्या खुर्चीत येऊन बसला होता आणि उठायला तयार नव्हता. न सांगितलं तर काय होईल? चार वाजता मोठ्या बाई पाकिटं उघडतील. एकेचाळीसच्या पाकिटात धाकटीचं नाव निघेल. मग तिला बोलावतील, दार लावून घेतील. ती एकदम गप्प होईल. दोन-तीन दिवस तपासण्या, फोटो, परत रक्त. परत घेतलेल्या रक्तात काही निघणार नाही आणि सगळे म्हणतील, देवाची कृपा. कुणाचंही काही जाणार नाही. नुसतं दोन-तीन दिवस तिचं ते ताजं बोलणं थांबेल. नुसती भीती. मास्तरांनी तो विचार नीट न्याहाळला, काच न्याहाळावी तसा, कोपऱ्यांपासून. आणि त्यांना दिसलं की त्या दोन-तीन दिवसांतलं एक चित्र त्यांनी आधीच रंगवून ठेवलं आहे. धाकटी त्यांच्यासमोर डबा न उघडता बसली आहे आणि विचारते आहे, मास्तर, तुम्हाला काय वाटतं? त्यांनाच विचारते आहे, आणि ते तिला धीर देत आहेत. त्या चित्रात ते फार चांगले दिसत होते. ते चहा तसाच टाकून उठले.

परत आले तेव्हा तीन वाजत आले होते आणि पडद्याआड धाकटी त्याच काचेवर बसली होती. दुसरी नजर तिची असते. ते बाहेर बाकावर टेकले. आत खुंटा फिरल्याचा आवाज थांबला. मग पडदा सरकला आणि ती बाहेर आली ती गालावर लाली घेऊन, पहिल्या वर्षी यायची तशी.

‘मास्तर, एकेचाळीस बघितलीत?’

‘बघितली.’

‘तीन ना?’

‘तीन.’

‘कसल्या देखण्या आहेत! कुणाला काही होत नाहीये, कुणाला माहीत नाहीये, आणि रक्तात तीन. हेच तर आपण म्हणत होतो ना, गाठ दिसायच्या आधी.’ ती जागच्या जागी हलत होती. ‘बिचारं कोण असेल पण. वेळेत कळलं म्हणायचं. मी बाईंना सांगते, पाकिटं आत्ताच उघडू देत.’

तिने ‘बिचारं’ म्हटलं तेव्हा मास्तरांच्या काळजात चर्र झालं. आणि तरीही, खोटं कशाला सांगा, तिच्या डोळ्यांतली ती चमक बघून त्यांना तिचा हेवाच वाटला. स्वतःच्याच हातातून काढलेल्या कातडीच्या चुऱ्यावर इतकं खूश होता येतं, आणि आपल्याला तीन पेशी बघून झालेला आनंद मात्र असला. ती व्हरांड्यातून निघाली. चपला वाजवत, भराभर. मास्तर उठले आणि तिच्यामागे चालू लागले, मग जवळजवळ धावू लागले. सत्तावन्नाव्या वर्षी त्या व्हरांड्यात धावताना त्यांना मोठ्या बाईंच्या दाराशिवाय काही दिसत नव्हतं. ते पोचले तेव्हा धाकटीचं सांगून झालं होतं आणि बाईंच्या हातात कपाटाची किल्ली होती.

‘एकेचाळीस रद्द करा,’ मास्तर म्हणाले. दम लागला होता. ‘ती पहिली नळी आहे.’

बाईंनी किल्ली टेबलावर ठेवली. त्या कधी आवाज चढवत नसत. पहिली नळी आहे हे कशावरून, असं त्यांनी विचारलं. मास्तरांनी वही उघडून पातळी दाखवली. बाईंनी नाकावरच्या चष्म्यातून आणि मग चष्म्यावरून वाचलं. धाकटी वाकून बघत होती. तिचा चेहरा कसा उतरत गेला ते मास्तरांनी पाहिलं. फुगा सुटतो तसा नाही, दुधाचं भांडं विस्तवावरून काढल्यावर वर आलेलं दूध बसतं तसा.

‘म्हणजे कातडी,’ ती म्हणाली.

‘कातडी.’

‘मास्तर, पहिली टाकायची हे तुम्हीच आमच्याकडून घोकून घेतलंत ना? मग असं कसं केलंत?’

उत्तर त्यांना पाठ होतं. हात धरा बघू, तिथून सुरू होऊन ‘मदतनीस आहेत?’ इथे संपणारं. त्यांनी ते सांगितलं नाही. वय झालं, ते म्हणाले. ही लबाडी त्यांना स्वस्तात मिळाली, कारण दोघींनाही ती लगेच पटली, आणि ती इतक्या लगेच पटावी याने त्यांना आणखी एक ओरखडा उठला. मग बाईंनी विचारलं, हे कुणाच्या वेळी झालं ते आठवतं का? धाकटी त्यांच्याकडे बघत होती. तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला सुईची पिवळसर खूण अजून पुसली नव्हती.

‘नाही,’ मास्तर म्हणाले. ‘नाही आठवत.’

बाईंनी कपाट उघडलं, एकेचाळीसचं पाकीट काढलं आणि न उघडता चार तुकडे करून टोपलीत टाकलं. पाचही जणांनी उद्या परत रक्त द्यायचं, त्या म्हणाल्या. घ्यायला खालच्या मजल्यावरची परिचारिका येईल. काचा धाकटी बघेल आणि नंतर मी. मास्तरांनी या खेपेला विश्रांती घ्यावी. हे सगळं त्या अशा मायेने म्हणाल्या की त्याला शिक्षा म्हणायचीही सोय राहिली नाही. बाहेर पडताना धाकटी पुढे निघून गेली. तिची आठवड्यातली सगळ्यात मोठी गोष्ट कुणी तरी हातातून काढून घेतली होती, आणि कुणी घेतली तेही तिला माहीत होतं.

घरी मास्तरांनी बायकोला सगळं सांगितलं. सगळं, कोमट नळीपर्यंत. ती भाजी निवडत ऐकत होती. शेवटी तिने विचारलं ते त्यांनी स्वतःला अजून विचारलं नव्हतं. ‘पण ती कातडीच होती हे नक्की ना?’

नक्की होतं. पातळी कमी होती, नळी पहिली होती, शंभरातले नव्व्याण्णव जण हेच म्हणतील. पण पहिल्या नळीत कातडी येते म्हणजे दुसरं काही येतच नाही असं थोडंच आहे? रक्त तेच, माणूस तेच, आणि तिची आई. पुढचे चार दिवस हा प्रश्न त्यांच्या अंगावर बसून राहिला. रक्त घेतलं गेलं, त्यांना बोलावलं नाही. रंग दिले गेले, त्यांना विचारलं नाही. डबा खाताना धाकटी दुसऱ्या टेबलावर बसू लागली. ते तिच्या जेवणाकडे बघत: नीट जेवते का, उरवते का, तोंड उतरलंय का. कुणाकडे इतकं सतत बघण्याची त्यांना गेल्या वर्षभरात सवयच झाली होती. आता नजर तीच होती आणि तिच्यात शोधायचं काही तरी दुसरंच होतं.

पाचव्या दिवशी सकाळी दहाला ती नव्या काचा घेऊन पडद्याआड गेली. मास्तर बाकावर बसले. त्यांच्या हाती काही काम नव्हतं, म्हणून ते आत ती कुठे असेल ते मनात धरत गेले. आता डोळे मिटून वीसपर्यंत मोजत असेल. आता कोपरे. एका काचेला त्यांना स्वतःला पंचवीस मिनिटं लागत. पाच काचा म्हणजे बारा तरी वाजणार. त्यांनी देवाला कधी फारसं काही मागितलं नव्हतं, आणि जे मागत होते ते कुणालाही चमत्कारिक वाटलं असतं: तिला काही सापडू नये. एवढी वर्षं तिला काही सापडू नये असंच तर त्यांना वाटत आलं होतं. शब्द बदलायचीही गरज पडली नाही.

पावणेअकराला पडदा सरकला.

‘काही नाही,’ धाकटी म्हणाली. जांभई तिने हाताआड दाबली. ‘पाचही कोऱ्या.’

मास्तर उभे राहिले. ‘नीट बघितल्यास? कडा? सगळ्या?’

तिने कपाळाला आठी घातली, पण मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ती निवळली. आपली चूक धुतली गेली म्हणून म्हातारा हळवा झालाय, असं तिला वाटलं असावं. ती बाजूला झाली आणि तिने पडदा धरून ठेवला. ‘या, तुम्हीच बघा. बाईंना नाही सांगत.’

त्यांनी खुर्चीवर बसून डोळा लावला. निळे ठिपके, लाल ठिपके, आणि मधला सगळा अंधार. त्यांनी खुंटा फिरवला. पुन्हा अंधार, स्वच्छ, कुणाचं काही बिघडलेलं नसलेला. एका काचेवरून दुसरीवर जाताना त्यांचे डोळे भरून आले आणि काच दिसेनाशी झाली. ते तसेच डोळा लावून बसले. पाचातली तिची कुठली ते त्यांना आता खरंच माहीत नव्हतं. ती आहे, धडधाकट आहे, पाठीमागे उभी राहून पायावर पाय बदलते आहे. त्यांच्या छातीवरून धोंडा उतरला होता. आणि त्या उतरलेल्या जागेत, श्वास पुरता आत जायच्या आधीच, हिशेब येऊन बसला: पाच काचा, पंचेचाळीस मिनिटं. नऊ मिनिटांत एक. आणि एकही कोपरा सुटलेला नाही.